एकाच नावाचे दोन डबे

आधीच सांगते, भूतबाधा, करणी, चकवा यांतलं मी काहीही मानत नाही. सगळी नोकरी सरकारी खात्यात झाली. केबिनमध्ये येऊन कुणी ‘मॅडम, पता नहीं कैसे हो गया’ असं म्हणालं की मी त्याला उभ्याउभ्या परत पाठवायची — पता करके आओ! या सदरातले अनुभवसुद्धा मी चहाबरोबर वाचते आणि हसते. त्यामुळे आज स्वतःचाच अनुभव लिहायला बसलेय याची मला मनापासून चीड येतेय. आणखी एक... हा अनुभव भीतीचा नाही, किळसेचा आहे. जेवताना वाचत असाल तर ताट बाजूला ठेवा.

गोष्ट जयपूरची, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. आम्ही मूळचे अकोल्याचे. बाबा रेल्वेत. बदली होऊन जयपूरला आलो तेव्हा मी लहान होते, म्हणून माझ्या मराठीत अजूनही ‘मतलब’ घुसतं. आईचं वऱ्हाडी मात्र शेवटपर्यंत जसंच्या तसं राहिलं. बी.ए. झाल्यावर मी एम.ए.ला लोकप्रशासन घ्यायचं ठरवलं. रेल्वे क्वार्टर्समध्ये हा विषय कुणी ऐकलेलाच नव्हता. शेजारच्या चाचीजींनी विचारलं, “मतलब पुलिस में जाओगी?” मी हो म्हणून मोकळी झाले.

प्रवेश मार्कांवर आणि मुलाखतीवर मिळायचा. माझे मार्क बरे होते, पण नुसते ‘बरे’ म्हणावेत इतपतच. त्यात बाबांची बदली बडनेऱ्याला होणार हे जवळजवळ नक्की झालेलं. बाबांनी एकदाच सांगितलं, “ॲडमिशन भेटली त हॉस्टेलात राह्य. नाही भेटली त आमच्यासंग चाल, मंग स्थळं पाहू.” ते रागावून नव्हते बोलले. पण माझ्यासाठी सगळं त्या एका मुलाखतीवर येऊन ठेपलं होतं.

तेव्हा कुणीतरी टिळक नगरातल्या सरांचं नाव सांगितलं. नाव लिहीत नाही, माझ्या पेनाला ते नको आहे. मोठ्या पदावरून रिटायर झालेले, बंगला, ओळखी दांडग्या. होतकरू मुलांची मुलाखतीची तयारी फुकटात करून घ्यायचे आणि त्यांची शिफारसचिठ्ठी असली की काम झालंच समजायचं, अशी ख्याती. आम्ही तिघं जात होतो, मी, मीरा नावाची एक मुलगी आणि एक मुलगा, जो फक्त मान डोलवायचा.

पहिल्या दिवसापासून मला त्या माणसाची किळस आली. स्कूटरच्या किल्लीने कान कोरायचे, किल्ली डोळ्यांसमोर धरून काय निघालं ते बघायचे आणि सोफ्याला पुसायचे. अंगठा जिभेवर ओला करून माझ्या उत्तरांची पानं उलटायचे. ती पानं मी घरी चिमटीत धरून आणायची. पायाशी पितळी पिकदाणी, त्यात पानाची पिंक, आणि पिंक टाकून झाली की सुरू — “प्रशासन में सबसे बड़ी चीज़ क्या है? चरित्र!” शिवाय ‘सीधी बैठो’ म्हणून माझ्या आणि मीराच्या पाठीवरून हात. त्या मुलाला मात्र सगळं तोंडी सांगितलं जायचं. मी दात आवळून बसायची. चिठ्ठी हवी होती ना!

आईला हे काही माहीत नव्हतं. तिला एकच टोचणी. “फुकट शिकवते तो माणूस. आपुन हात हालवत जावं काय त्याच्या घरी?” तिने पुरणपोळ्या केल्या, जायफळ घातलेल्या, आणि तिच्या लाडक्या स्टीलच्या डब्यात भरून दिल्या. डब्यावर अकोल्याच्या भांडेवाल्याकडून नाव कोरून घेतलेलं, ‘सौ. शकुंतला’. कोरताना मशीन घसरलं होतं, त्यामुळे शेवटच्या अक्षरापासून एक रेघ थेट काठापर्यंत गेलेली. आणि जयपूरला येताना रतलामच्या फलाटावर डबा पडला होता, त्याचा बुडाशी पोचा. मतलब, तो डबा मी झोपेतही ओळखला असता.

सर म्हणाले, “अंदर रख दो.” बैठकीच्या मागे एक अंधारी बोळ होती, तिला जाड पडदा. मी पडदा जरा सारला तर आतून हात आला. लाखेच्या बांगड्या, विटलेली मेंदी, आणि बोटं... कपडे धुऊन धुऊन कातडी पांढरी होऊन सुरकुतते ना, तशी. हाताने डबा घेतला. मी म्हटलं, सरांची बायको. इथे बायका परक्यांसमोर येत नाहीत, घूंघट घेतात, हे आम्हाला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. आपण बाहेरचे, आपण कशाला बोलायला जा? नमस्ते म्हणून मी मागे फिरले. आमच्यासारख्या माणसांची हीच चूक होते. न कळणारं सगळं आम्ही ‘इथली पद्धत’ या एका खात्यात टाकून मोकळे होतो.

पुढच्या वेळी निघताना तोच हात पडद्यातून डबा घेऊन बाहेर आला. सरांची तिकडे पाठ होती. डब्यात साखर होती. आई हरखलीच. “पाह्य, रीत कयते त्या बाईले! रिकामा डबा नाही धाडला.” आमच्यात कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, चमचाभर का होईना, काहीतरी घालून देतात.

त्या साखरेचा चहा केला तर दूध फाटलं. दुसऱ्यांदा केला, पुन्हा फाटलं. मी नुसती चिमूटभर जिभेवर ठेवली. गोड होती, पण मागून फुलदाणीतल्या शिळ्या पाण्याची चव आली. मी चूळ भरत सुटले. क्वार्टरमध्ये तेव्हा मुंग्यांनी उच्छाद मांडला होता, भाकरीच्या तुकड्यालाही सोडत नसत. पण या डब्याजवळ यायच्या आणि रांगच्या रांग वळून परत जायची. फेकायची कशी म्हणून आईने ती साखर चाचीजींना दिली. चाचीजी रोज सकाळी कडुनिंबाखालच्या वारुळाशी मुंग्यांना पीठ-साखर घालायच्या, इकडे ते पुण्याचं काम. मुंग्यांनी पीठ नेलं. साखर तशीच पडून राहिली. शेवटी आंधी आली, तिने उडवून नेली.

“मुंग्याइले का झालं व?” आई म्हणाली. मग डबा घासून तिने त्यात तुरीची डाळ भरली आणि विषय संपला.

सरांच्या बैठकीत मात्र वास सुरू झाला होता. आधी आंबूस, मग सडका. कूलर लागला की त्यातल्या खसाच्या, मतलब वाळ्याच्या, वासाबरोबर भपकन नाकात शिरायचा. मीरा रुमालाला अत्तर लावून आणायला लागली. सरांना काहीच जाणवत नव्हतं. मला वाटायचं, यांच्या तोंडाचाच वास असणार. खरं सांगते, मला तेव्हा ते पटलंही होतं.

मुलाखत आठवड्यावर आली तेव्हा सरांनी मला एकटीला थांबवलं. “चिट्ठी तैयार है. गुरुवार को दोपहर में आ जाना. अकेली. सबके सामने नहीं दे सकता.”

गेले. नसते गेले तर बडनेरा आणि स्थळं, एवढंच डोळ्यांसमोर होतं. गरम झळांची लू वाहत होती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सरांनी दार उघडलं, मला आत घेतलं आणि कडी लावली. “लू आती है,” म्हणाले. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “मैडमजी सो रही हैं?”

ते हसले. “कौन मैडमजी? वो तो दो साल से कोटा में है, अपने भाई के यहाँ. इस घर में मेरे सिवा कोई नहीं.”

मला एखादी खुशखबर द्यावी तसं म्हणाले ते. आणि सोफ्यावर माझ्या शेजारी येऊन माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तोच हात, किल्लीने कान कोरणारा. त्याच वेळी तो वास असा अंगावर आला की मी तोंड दाबून उठले, “पानी” म्हणाले आणि पडदा सारून बोळीत शिरले.

बोळीत एक तिवई होती. तिवईवर आईचा डबा होता. ‘सौ. शकुंतला’. काठापर्यंत गेलेली रेघ. बुडाशी पोचा. झाकण फुगून वर आलेलं.

मी तो हातात घेतला. कसा काय हा इथे? डाळ भरून घरच्या फळीवर ठेवलेला मी सकाळीच पाहिला होता. एवढ्यात मागून सर आले आणि त्यांनी माझ्या कमरेला विळखा घातला. “क्या ढूँढ रही हो?” मी दचकून वळले, झाकण निसटून माझ्या दुसऱ्या हातात आलं आणि आतलं सगळं त्यांच्या पांढऱ्याशुभ्र कुर्त्यावर गेलं. पुरणपोळ्या होत्या त्या. हिरवं-काळं पाणी सुटलेल्या, आणि वळवळत होत्या. अळ्या. कुर्त्यावर, मिशीत, आणि ओरडायला उघडलेल्या तोंडात.

त्या क्षणी त्यांना पहिल्यांदा वास आला. बैठकीत धडपडत जाऊन पिकदाणीवर वाकून ते ओकत राहिले. मी कडी काढली आणि पळाले.

बस थांब्यावर पोचल्यावर लक्षात आलं, डबा आणि झाकण माझ्या हातात आहेत. एवढं होऊनही आईचा स्टीलचा डबा मी टाकून आले नव्हते! हसू की रडू कळेना. बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसलं नाही.

आई मोरीपाशी होती. माझ्या हातातला डबा बघून उठली, स्वयंपाकघरात गेली आणि फळीवरचा डाळीचा डबा घेऊन आली. दोन्ही शेजारी ठेवले. नाव तेच, घसरलेली रेघ तीच. पोच्यावरून तिने बोट फिरवलं, आधी एकाच्या, मग दुसऱ्याच्या. मला वाटलं आता विचारेल, दुसरा कोठून आणला.

तिने विचारलं, “त्यानं हात लावला काय तुले?”

मी मानेनेच हो म्हटलं. आईने पदर खोचला, राख घेतली आणि तो डबा संध्याकाळपर्यंत घासला. मध्येच म्हणाली, “तू जाशीन मुलाखतीले. मेल्याची चिठ्ठी घाल चुलीत.” बाबांना सांगितलं की सर बाहेरगावी गेले. त्या दिवसानंतर मला कुणापुढे बसायला भीती अशी वाटलीच नाही, फक्त किळस वाटायची, आणि किळस आली की माझी पाठ आपोआप ताठ होते.

मीराला मी दुसऱ्याच दिवशी गाठलं. तिला शनिवारी बोलावलं होतं, एकटीला. ती गेली नाही. मुलाखतीला आम्ही दोघी बिनचिठ्ठीच्या गेलो आणि दोघींचीही नावं लागली. माझं जवळजवळ तळाशी होतं, पण लागलं. बाबा आई बडनेऱ्याला गेले, मी हॉस्टेलात. त्या गृहस्थांचा पुढे कुठल्याशा समारंभात शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. चारित्र्यावर बोलले म्हणे!

बरीच वर्षं गेली. नोकरीत माझं पोस्टिंग कोट्याला झालं आणि एका लग्नात कुणीतरी सरांच्या बायकोची ओळख करून दिली. जिवंत, ठणठणीत, खळखळून हसणारी बाई. मी आधी तिचे हात पाहिले. गुबगुबीत, साधे. मी जपून विचारलं, त्या उन्हाळ्यात तुम्ही जयपूरला गेला होतात का? ती म्हणाली, “उस घर से निकली, उसके बाद वहाँ पानी पीने भी नहीं गई.” मग माझं आडनाव पुन्हा विचारून घेतलं आणि म्हणाली, “आप लोग मीठी रोटी में जायफल डालते हो ना? एक बार पूरी गर्मी मेरे हाथों से जायफल की बास आती रही. कितना धोया! हमारे यहाँ तो कोई खाता भी नहीं.”

 

दोन्ही डबे आता माझ्याकडे आहेत. शेजारी ठेवले तर आईचा कोणता आणि बोळीतला कोणता, मला ओळखू येत नाही. एकच खूण आहे. दोन्हींत साखर भरून झाकण उघडं ठेवलं, तर एकाला मुंग्या लागतात, दुसऱ्याला लागत नाहीत. फाईल उघडीच आहे.

लेक एम.ए.साठी परगावी, अनोळखी लोकांत राहायला निघाली, तेव्हा लाडू न्यायला तिने एक डबा मागितला. मी दोन्हींत साखर घातली, ओट्यावर मांडले आणि दुपारभर बघत बसले. मी असलं काही मानत नाही. पण मुंग्या ज्याला लागल्या नाहीत, तोच डबा मी तिला दिला.