बसून करायचं काम

"बी सत्तेचाळीसचा आकडा चुकलाय. बाटल्यांची अदलाबदल झाली असणार. पुन्हा तपासा," मी लॅबला फोनवर जरा चढ्या आवाजातच सांगितलं.

"दोनदा तपासलाय मॅडम. बाटली तीच, लेबल तेच," पलीकडचा टेक्निशियन म्हणाला. त्याचा आवाज अजिबात चढला नाही. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

बेळगावात आमचा एक अभ्यास चालू आहे. आई गरोदर असताना तिच्या अंगात बाहेरून काय काय जातं आणि त्याचा पुढे बाळाच्या तब्येतीवर काय परिणाम होतो, हे बघायचं. आमच्या भागात 'काय काय' म्हणजे मुख्यतः तंबाखू. निपाणीकडे कितीतरी घरांत बायका विड्या वळतात. तंबाखू अंगात जायला विडी ओढावीच लागते असं नाही. वळता वळता बोटांच्या कातडीतून आणि धुळीतून निकोटीन अंगात जातं आणि पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. शरीर त्याचं कोटिनीन करतं, ते लघवीत सापडतं. बाईनं तोंडानं काहीही सांगितलं तरी बाटली खरं बोलते.

विड्या वळणाऱ्या बायका आमचा ए गट. तंबाखूशी संबंध नसलेल्या, शहरातल्या बायका बी गट. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय काहीच सांगता येत नाही. मी फील्ड कोऑर्डिनेटर. बायकांना गाठायचं, फॉर्म भरायचे, नमुने गोळा करायचे. बरीच वर्षं हेच करतेय, त्यामुळे फॉर्म कसा भरावा हे कुणी मला शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं.

बी सत्तेचाळीस म्हणजे बेळगावातल्याच खासबागची रेणुका. नवरा पॉवरलूमवर कामाला. पहिलटकरीण. घरात तंबाखूला कुणी शिवत नव्हतं. सासू दाताला मिश्रीसुद्धा लावत नव्हती. मी फळीवरचे डबे उघडून खात्री केली होती. चौथ्या महिन्यातला नमुना स्वच्छ. नवव्या महिन्यातला मात्र थेट ए गटातल्या बायकांसारखा. बाळ झालं ते एक किलो नऊशे ग्रॅमचं.

नमुने आले तसे एकेक तपासत नाहीत. डीप फ्रीजरमध्ये साठवतात आणि सगळे एकदम लावतात. म्हणून हा आकडा माझ्या हातात आला तेव्हा बाळ दीड महिन्याचं झालं होतं.

चौथ्या आणि नवव्या महिन्याच्या मधे काय झालं? रेणुका माहेरी गेली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरलेलंच. पण सासू तयार नव्हती. "हितं दवाखाना जवळ हाय, कशाला तिकडं धाडायची?" ती म्हणत होती. रेणुका रडायला लागली, तेव्हा मी मध्ये पडले. "आईजवळ तिला विसावा मिळेल," मी सासूला पटवलं. वर रेणुकाला बजावलं, "ओझं उचलू नको. जास्त वेळ उभी राहू नको." सासूचं म्हणणं बरोबर होतं. मी तिला गप्प केलं.

तिचं माहेर निपाणीत. निपाणी म्हटलं की आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही तंबाखू आठवते. मला आठवली नाही. माझ्या डोक्यात रेणुका बी गटात होती आणि कुठेही गेली तरी ती तिथेच राहणार होती. नवव्या महिन्यातली बाटलीसुद्धा तिकडच्या आरोग्य केंद्रातून आली. घरी कुणी गेलंच नाही.

आमच्या अभ्यासाचे प्रमुख, त्यांना आम्ही नुसतं सर म्हणतो, आकडा बघून म्हणाले, "नोंद गाळून टाका. बी गटात असली बाई ठेवली तर तुलनाच बिघडते."

"मी एकदा जाऊन बघते, सर."

"बघा. पण रिपोर्ट सांगायचा नाही. संमतिपत्रात लिहिलंय."

लिहिलंय खरं. एकेकट्या बाईला तिचा आकडा सांगितला जाणार नाही, या कागदावर प्रत्येकीची सही असते. रेणुकाची मीच घेतली होती.

निपाणीच्या वाटेवरचा तवंदी घाट उतरेपर्यंत मी स्वतःला समजावत होते की शेजारी कुणीतरी वळत असेल. गल्लीत शिरले आणि दारातच ठसका लागला. रेणुकाची आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसली होती. सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. तीन हातांवर पाळणा. रेणुका पाळण्याची दोरी ओढत होती. मला बघून तिला केवढा आनंद झाला!

मी फॉर्म काढला. "मावशी, रेणुकापण बसत होती का वळायला?"

"बसत होती की," मावशी सहज म्हणाल्या. "माझ्या बोटास्नी मुंग्या येत्यात, हजार हुईत न्हाईत. कारखान्याला रोज हजार दिल्या न्हाईत तर कामगार कार्डावरचं नाव जातंय. रोज निम्म्या हीच वळायची."

"रेणुका, मला सांगायचंस ना गं."

"तुमीच सांगितलासा न्हवं, उभं ऱ्हाऊ नको, वझं उचलू नको," ती हसत म्हणाली. "हे तर बसून करायचं काम. लहानपणापासनं हात बसलाय."

माझं तोंड बघून तिचं हसू गेलं. तिनं सुपाकडं बघितलं, मग पाळण्याकडं.

"बाळ बारीक झालं ते ह्यामुळं व्हय, मॅडम?"

"एका बाळाचं तसं सांगता येत नाही," मी म्हणाले. हे खरं आहे. "वजन कमी असायला दहा कारणं असतात. पुष्कळ बाळं एकत्र बघितली, की मग कळतं."

"मग ह्याला त्यात धरलायसा का न्हाय?"

"धरणार," मी म्हणाले. मला तो अधिकार नव्हता.

आकडा मी सांगितला नाही. नियम पाळला. पण मावशींना सांगितलं, की सूप बाहेरच्या कट्ट्यावर घ्या, बाळाला घ्यायच्या आधी साबणानं हात धुवा, लुगडं बदला. मावशी ऐकत होत्या आणि आपल्या बोटांकडं बघत होत्या.

"लेकीला इसाव्याला आणली म्या," त्या म्हणाल्या. "हिच्या येळंला मी बी वळतच हुते की."

नोंद गाळायची नाही, असं मी म्हटल्यावर सर भडकले. दोन दिवस आमचं धड बोलणं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "ठेवा, पण वेगळ्या रकान्यात." फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढला: बाळंतपणाला कुठे जाणार, आणि त्या घरात रोज कसलं काम चालतं? मग बी गटातल्या सगळ्यांना पुन्हा फोन केले. रेणुका एकटी नव्हती.

सहा महिन्यांच्या वजनासाठी मी खासबागला गेले. बाळ वाढतंय, पण वयाच्या मानानं लहान आहे. सासूनं मला चहा दिला, पण माझ्याशी बोलली नाही.

"आई येते का गं भेटायला?" मी रेणुकाला विचारलं.

"येती. पर बाळाला घेत न्हाय. साबण लावून लावून हाताची सालं निघाल्यात, तरी घेत न्हाय. लांबनं बघती नि जाती."

"हात धुतले की पुरतं, सांग तिला."

"सांगितलं की. मॅडमलाच इचार म्हणून तुमाला फोनबी लावाया लागले. ती लावू देईना."

मी बाळाचं वजन लिहिलं. नवा प्रश्न आता पहिल्याच भेटीत विचारते. तो सुचायला अक्कल लागत नव्हती, नुसतं विचारायला हवं होतं.