गोड्या पाण्याचं घर

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं वर्ध्यात भाड्याचं घर शोधत होतो. आमची तान्ही मुलगी तापानं जाऊन चार महिने झाले होते, आणि जुन्या घरात मला राहवत नव्हतं.

पहिल्या घराची विहीर खारी होती. तसल्या पाण्यात डाळ शिजत नाही. पण मधल्या खोलीत पाळणा टांगायची कडी होती. माझी नजर तिथं गेली तसे हे म्हणाले, "दुसरं पाहू."

दुसऱ्या घराला गोडं पाणी होतं, भरपूर उजेड होता, आणि यांना सेवाग्रामला नोकरीवर जायला सायकलनं जवळ पडत होतं. घरमालकिणीनं एवढंच विचारलं, "लेकरं नाईत ना? आमाले कल्ला सहन होत नाई."

हे चपला घालायला वळले. उत्तर मीच दिलं, "नाईत." माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही, याचा मला अजून राग येतो.

त्या घरात आम्ही बारा वर्षं काढली. डाळ रोज छान शिजायची. घरमालकीण शेजारच्या भाडेकरूंना आमचं उदाहरण द्यायची, "इतकी वर्षं झाली, कधी आवाज नाई आला."