सूर्याजवळ गेलेलं नाव

साल दोन हजार चोवीस. मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो. हे वय आधार कार्डावरचं. माय सांगायची त्या हिशेबानं आणखी दोन-तीन वर्षं धरायला हरकत नाही. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही अर्धी वावरात. पण हे मी माझ्या हातानं लिहितो आहे. नात म्हणाली होती, तुम्ही बोला, मी मोबाइलवर उतरवून घेते. मी नको म्हटलं. काही गोष्टी दुसऱ्याच्या हातानं लिहायच्या नसतात.

घरवाली जाऊन तेव्हा अडीच वर्षांच्या वर झालं होतं. मुलगा वर्ध्याला राहतो, सेवाग्रामच्या दवाखान्यात नोकरीला जातो. मला न्यायला दोनदा गाडी घेऊन आला. मी गेलो नाही. सिंदीपासून तीन कोसावर आमचं गाव, तिथं माझं वावर, माझं घर. लोक म्हणत, बुढा हट्टी आहे. आहेच. पण न जाण्याचं खरं कारण मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

ती मला दिसत होती.

रात्री नाही. रात्री मला झोप चांगली लागते. ती दिसायची भर दुपारी, सावली पायाखाली येते त्या वेळी. वावराच्या पलीकडच्या टोकाला, धुऱ्यावर म्हणजे बांधावर, पाठमोरी. डोक्यावर पदर, हात रिकामे. जिवंतपणी तिचे हात मी कधी रिकामे पाहिले नव्हते, म्हणून ते आधी डोळ्यांत भरलं. पहिल्या खेपेला मी "अवं" म्हणून हाक मारली. जन्मभर मी तिला तसंच बोलावलं. ती वळली नाही. मग एक दिवस हिय्या करून नावानं हाक मारली. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं, बाकी सारं घर त्याच नावानं बोलवायचं. तरी वळली नाही. ऐकू गेलं नाही असं वाटलं नाही. ऐकू गेलं, पण रस्त्यानं कोणी दुसऱ्या बाईला हाक मारावी आणि आपण आपल्या वाटेनं चालत राहावं, तसं.

मी भिणारा माणूस नाही. पण ती पाठ दिसली की हातातलं काम तिथंच सोडून उभा राहायचो. आणि मी वर्ध्याला निघून गेलो असतो तर ती त्या धुऱ्यावर एकटीच उभी राहिली असती.

डिसेंबरात नात सुट्टीला आली. मुलाची मुलगी, वर्ध्याला कॉलेजात शिकते. चोवीस तारखेला जेवणं झाल्यावर आम्ही अंगणात उन्हाला बसलो होतो. मी वेचलेल्या कापसातली पत्ती काढत होतो, ती मोबाइल पाहत होती.

"आबाजी, आज आजी सूर्याजवळून जाऊन राह्यली."

मला वाटलं थट्टा करते. मग वाटलं, दिसण्याची गोष्ट हिला कशी कळली?

"काय म्हणतं?"

"आजीचं नाव. सहा वर्षं झाले, अमेरिकेवाल्याईनं एक यान सोडलं होतं सूर्याकडं. लोकाईचे नावं मागतले होते, यानासंग पाठवाले. लाखो लोकाईनं देल्ले. मी आजीचं देल्लं होतं."

"अन् सूर्याजवळ कायले जाऊन राह्यलं ते? उजेड कमी पडला काय?"

ती हसली. मग तिनं समजावलं. सूर्यावरही वादळं उठतात. तिथून जो झोत सुटतो तो इथवर येतो, त्यानं विजेच्या लाइनी, मोबाइल, वरती फिरणारे उपग्रह, सगळं बिघडू शकतं. वादळ कसं उठतं ते जवळून पाहिल्याशिवाय कळायचं नाही, म्हणून ते पाठवलं.

"आपली लाइन तं बिनावादळाचीच जाते," मी म्हटलं.

"त्याच्यासाठी नाई पाठवलं ते, आबाजी."

आजवर माणसानं केलेली कोणतीच वस्तू इतक्या जवळ गेली नव्हती, असं तिनं सांगितलं. एकसष्ट लाख किलोमीटर. मला ते जवळ वाटलं नाही, पण ती म्हणाली, सूर्याच्या मानानं ते आपल्या चुलीपुढं बसल्यासारखंच. समोरून लोखंड पातळ होईल इतकी धग, पण पुढं वीतभरही जाड नसलेली एक ढाल आहे, आणि ढालीच्या मागं घरातल्यासारखं.

"कोणतं नाव देल्लं?" मी विचारलं. विचारण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी विचारलं.

तिनं मोबाइलवर एक कागद दाखवला. नाव पाठवणाऱ्याला पावती म्हणून मिळालेला. इंग्रजी मला येत नाही. तिनं वाचलं.

पत्ती काढता काढता माझा हात थांबला. "हे तुह्या आजीचं नाव नाई. चूक केली तू."

"चूक नाई."

"राशन कार्ड पाह्य. सातबारा पाह्य. मेल्याचा दाखला पाह्य. कुठं हाय हे नाव? फोन लाव त्याईले, म्हणा चुकीचं नाव गेलं, बदलून द्या."

"कोणाले फोन लावू, आबाजी? ते सूर्यापाशी पोचलं." मग तिनं मोबाइल खाली ठेवला. "आजीनंच सांगतलं होतं."

तिनं जे सांगितलं ते असं. ती आठवीत होती. आजी तुरीची डाळ निवडत बसली होती. हिनं विचारलं, नाव टाकू का तुझं? आजी म्हणाली, टाक. कोणतं, म्हणून हिनं विचारलंच नव्हतं, आपलं घरातलं नाव लिहायला घेतलं. तर आजी म्हणाली, "ते नको. माह्यं लेही." आणि माहेरचं नाव सांगितलं. एक एक अक्षर नीट लिहवून घेतलं. मग विचारलं, "तिथं जाऊन जळन काय ते?" हिनं ढालीचं सांगितलं. आजी थोडा वेळ डाळ निवडत राहिली, मग म्हणाली, "मंग जाऊ दे. इथं तं कोणी घेत नाई. अन् तुह्या आबाले सांगू नको."

आता त्या नावाचं सांगतो. आमचं लग्न चौऱ्याहत्तर सालचं. तिचं माहेर आर्वीकडचं तळेगाव, श्यामजी पंताचं तळेगाव म्हणतात ते. तिचं जे नाव, तेच माझ्या मायचं नाव. सुनेला सासूच्या नावानं हाक कशी मारायची? तेव्हा नाव बदलणं ही रीतच होती. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं मी नवीन नाव लिहिलं. मीच शोधलं होतं. चौथी शिकलेला, अक्षर वळणदार, त्याचा मला गर्व होता. तिनं ताटाकडं पाहिलं आणि मान डोलावली. बस्.

पहिल्या दिवाळीला तिचा भाऊ न्यायला आला आणि फाटकातूनच त्यानं तिला जुन्या नावानं हाक मारली. माय ओसरीवर होती. मी उठलो आणि सगळ्यांदेखत त्याला म्हटलं, "ह्या घरात त्या नावाची एकच बाई हाय, अन् थे माह्यी माय हाय. तुही बहीण दुसरी हाय." पोरगा सतरा-अठरा वर्षांचा. खाली मान घालून उभा राहिला. पुढं तो तिला नुसतं "बाई" म्हणू लागला. आता तोही नाही.

इथपर्यंत माझी चूक होती असं कोणी म्हणणार नाही. रीत होती. पण नव्वद साली माय गेली. तेरवी आटोपली, पाहुणे गेले, आणि ती भांडी घासता घासता म्हणाली, "आता तं माह्यं नाव मले परत घेता येते."

मी म्हणालो, "नाव का लुगडं हाय बदलाले?"

आज आठवतं, तिनं हातातलं ताट दोनदा घासलं. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. अठ्ठावीस वर्षांनी तो तिनं आठवीतल्या पोरीजवळ काढला, आणि माझ्यापासून लपवायला सांगितलं. म्हणून इथं मी तिचं कोणतंच नाव लिहीत नाही. एक तिचं नव्हतं, आणि दुसरं तिनं पाठवलं हे मला कळावं असं तिला वाटत नव्हतं.

त्या संध्याकाळी पाचच्या पुढं ते यान सूर्याच्या सगळ्यात जवळून जाणार होतं. मी धुऱ्यावर जाऊन उभा राहिलो. सूर्य तुरीच्या शेंड्यांवर टेकला होता. त्याच्याकडं आयुष्यभर पाहिलं ते वेळ कळायला आणि ढग कुठून येतात ते कळायला. त्या दिवशी मी त्याच्याकडं असं पाहिलं की जसं आपलं माणूस असलेल्या घराला आग लागावी आणि आपण नदीच्या ह्या काठाला असावं. नातीच्या मोबाइलवरची पावती सोडली तर साऱ्या दुनियेत तिचं खरं नाव एकाच जागी लिहिलेलं होतं, आणि ती जागा तिथं होती. सूर्य बुडला. डोळ्यांपुढं हिरवे-लाल ठिपके घेऊन मी घरी आलो.

"पोचलं काय सुखरूप?"

"आत्ताच नाई समजत. जवळून जातानी ते बोलत नाई. सत्तावीसले खबर येईन."

"अन् नाई आली तं?"

"तं समजाचं गेलं."

गेलं, हा शब्द ती सहज बोलली. मी जेवलो नाही. नातीला सांगितलं, पोट भरलं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुद्दाम वावरात गेलो. बाया पलीकडच्या पट्ट्यात कापूस वेचत होत्या, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. ती उभी होती. नेहमीच्या जागी, नेहमीसारखी पाठ. मधात पन्नास पावलं. आता मला माहीत होतं कोणत्या नावानं ती वळेल. नाव ओठांवर आलं होतं. माझ्या मायचं नाव, मी मंत्रासारखं जपलेलं, आणि ते माझ्याच्यानं बाहेर निघेना. मी पाठीला भ्यालो नव्हतो. मी भ्यालो तोंडाला. ती वळली आणि तिनं माझ्याकडं पाहिलं, तर मी काय करणार होतो? अडीच वर्षं मी म्हणत होतो, एकदा वळ. त्या दुपारी मनातल्या मनात म्हटलं, नको वळू. मीच पाठ फिरवली आणि घराकडं आलो. मागं पाहिलं नाही.

सव्वीसला वावरात गेलोच नाही. नात म्हणाली, "तब्येत बरी नाई काय?" मी म्हटलं, "बरी हाय." दुपारभर घरात दार लोटून बसलो. फटीतून उन्हाची एक पट्टी जमिनीवर पडली होती. ती सरकत सरकत माझ्या पायापर्यंत आली, तसा मी पाय मागं घेतला.

सत्तावीसला सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास नात मोबाइल घेऊन चुलीपाशी आली. "आबाजी, खबर आली. जिवंत हाय."

"कोण?"

"यान. सूर्याजवळून निघून सुखरूप बाहेर आलं. त्याचा इशारा पोचला."

"अन् नाव?"

"नाव त्याच्यावरच हाय. कुठं जाते?"

मला वाटलं होतं, हे ऐकलं की हलकं वाटेल. वाटलं नाही. नाव त्या धगीतून निघून आलं, ते मी वाचवलं नव्हतं. माझ्यासमोर ते अठ्ठेचाळीस वर्षं होतं, चुलीपाशी, वावरात, आजारपणात उशाशी, आणि मी त्याला एकदाही हाक मारली नाही. त्या नावाची पोरगी कशी होती तेही मला माहीत नव्हतं. भांडकुदळ होती का, झाडावर चढायची का, हसायची कशावर. माझ्या घरी जी आली तिला मी ताटात लिहून घेतलं होतं. हाक मारायची तर कोणाला मारतो ते आधी माहीत पाहिजे.

नातीला म्हटलं, "उद्या मी गावाले जातो."

"कोणत्या? संगं येऊ?"

"नको."

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो. पहिल्या गाडीनं वर्धा, तिथून आर्वी, आर्वीहून तळेगाव. सासरा गेला तेव्हापासून मी त्या गावात पाय ठेवला नव्हता. बाजाराच्या तोंडाशी दोन म्हाताऱ्या बोरं घेऊन बसल्या होत्या, तिच्याच वयाच्या असतील. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. तिचं माहेरचं नाव घेतलं, बापाचं नाव सांगितलं, आणि म्हटलं, मी तिचा नवरा, पोरगी होती तेव्हा ती कशी होती ते मला सांगा.