धंतोलीतली अमेरिकेची निवडणूक

अमेरिकेच्या अध्यक्षाची जेवढी काळजी आमच्या शेजारच्या चष्मेवाल्या काकांनी वाहिली आहे, तेवढी खुद्द अमेरिकेतही कोणी वाहिली नसेल, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. काका स्वतः पूर्वेला गोंदिया आणि पश्चिमेला अकोला या हद्दीपलीकडे फारसे गेलेले नाहीत. पासपोर्ट त्यांनी कधी काढलाच नाही, कारण त्याच्या फोटोसाठी चष्मा उतरवावा लागतो असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. "चष्मेवाल्यानं बिनचष्म्याचा फोटो देणं म्हणजे धंद्याशी बेइमानी आहे गा," असं ते मला म्हणाले होते. पण पेनसिल्व्हेनियातल्या कुठल्या जिल्ह्यात कामगार जास्त आणि कुठल्या जिल्ह्यात म्हातारे जास्त, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येई. काकू एकदा डबा घेऊन दुकानात आल्या तेव्हा मला म्हणाल्या, "यांले आपल्या वॉर्डाचा नगरसेवक कोन आहे ते विचारा. तोंड पाहत राहतीन." मी विचारलं. काका खरोखर माझ्या तोंडाकडे पाहत राहिले.

धंतोलीत दवाखान्यांच्या रांगेत मी ज्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करतो, तिच्या भिंतीला लागूनच काकांचं दुकान आहे. अख्ख्या विदर्भातून पेशंट इथे येतात, त्यांच्याबरोबर नातेवाईक येतात, आणि दवाखान्यात ताटकळलेल्या नातेवाइकांना डोळे तपासून घ्यायला वेळच वेळ असतो. त्यामुळे काकांना गिऱ्हाइकांची कधी ददात नव्हती. मात्र निवडणुकीच्या वर्षी हे दुकान दुकान उरत नसे. मी सांगतोय त्या वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष कुठल्याशा दूरच्या युद्धात एका बाजूला शस्त्रं पुरवत होते, आणि त्यांच्या विरोधातला उमेदवार सांगत होता की मी आलो की हे सगळं बंद, आपल्या घरचं आधी बघू. काकांनी या दोघांची नावं उच्चारल्याचं मी कधी ऐकलं नाही. गादीवरचा तो 'जुना नंबर' आणि आव्हान देणारा तो 'नवा नंबर'. काकांचा सिद्धान्त असा की या युद्धापायी जुना नंबर पडणार. "माणसाले स्वतःच्या घरातलं भांडण सहन होते," ते म्हणत, "पण दुसऱ्याच्या भांडणात आपला माणूस पडलेला सहन होत नाही. मत तिथंच फिरते."

सिद्धान्ताला पुरावा हवा म्हणून काकांनी दुकानातच मतदान सुरू केलं. काउंटरवर एक सोनपापडीचा आणि एक बिस्किटांचा, असे दोन रिकामे डबे आले. सोनपापडी म्हणजे जुना नंबर, बिस्किटं म्हणजे नवा. मतपत्रिका म्हणून काका निकामी झालेल्या जुन्या काचा वापरत. डोळे तपासायची ती जड लोखंडी फ्रेम एकदा नाकावर चढली की माणसाला कुठे पळता येत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी काका विचारत, "समजा तुम्ही अमेरिकेत राहता..." काटोलहून आलेल्या एका संत्रेवाल्याने 'मी काहून तिकडं राहू' म्हणून पहिल्याच वाक्याला हरकत घेतली आणि त्याची समजूत घालण्यात दीड तास गेला. एक हवालदार होते. काकांनी त्यांच्या डोळ्यासमोरची काच बदलून विचारलं, "हे बरं की आधीचं बरं?" हवालदार म्हणाले, "आधीचंच बरं." काकांनी नाइलाजाने सोनपापडीच्या डब्यात एक काच टाकली. मी म्हटलं, "काका, ते काचेबद्दल बोलत होते." काका म्हणाले, "मतदार कशाबद्दल बोलून राहिला हे आपण ठरवायचं नसते."

या सगळ्याला रोजचा एकच विरोधी पक्ष होता. मागच्या गल्लीत राहणारे, भूगोल शिकवून निवृत्त झालेले एक मास्तर, सकाळची शाळा होती तेव्हापासून, गेली तीस वर्षं दुपारी चारला दुकानात येऊन बसत. काका पेपरातलं परदेशाचं पान मोठ्याने वाचत, मास्तर डोळे मिटून ऐकत, आणि पान संपलं की वाद सुरू होई. मास्तरांचं म्हणणं, मतदार जगाकडे बघतच नाही. "तो मत देताना किराण्याची पिशवी बघतो," ते सांगत. "ज्या देशात लढाई आहे तो देश नकाशावर कुठे आहे, हे त्यांच्यातल्या निम्म्यांना दाखवता येणार नाही. मी चाळीस वर्षं नकाशा शिकवला आहे. मला माहीत आहे माणसांना नकाशा किती येतो."

असाच एका दुपारी वाद रंगला आणि हाताबाहेर गेला. तीस वर्षं एकमेकांना 'तुम्ही' म्हणणारे ते दोघे 'आपण'वर आले, तेव्हाच मला काळजी वाटायला लागली.

"आपल्या दुकानातल्या निम्म्या फ्रेमा चीनच्या आहेत," मास्तर म्हणाले. "आपण परराष्ट्र धोरणावर न बोललात तर बरं."

"आणि आपण जन्मभर नकाशावर बोट ठेवलं," काका म्हणाले. "बोटाच्या मागं आपण स्वतः कुठवर गेले? रामटेक."

मास्तर उठले. उठताना त्यांचा चष्मा खाली पडला आणि त्याची एक दांडी निखळली. काकांनी सवयीने हात पुढे केला. मास्तरांनी चष्मा आणि दांडी दोन वेगवेगळ्या खिशांत घातली आणि ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. आठवडाभर नाही, महिनाभरही नाही. ज्या निवडणुकीत दोघांनाही मत नव्हतं, ज्या देशात दोघांचंही कोणी नव्हतं, तिच्यापायी धंतोलीतली तीस वर्षांची बैठक मोडली. काका वरकरणी बेफिकीर होते. पण मास्तरांच्या खुर्चीवर कोणी बसायला लागला की ते घाईघाईने सांगत, "ते मोडकी आहे, इकडं बसा." खुर्ची धडधाकट होती. चारला काका पेपर उघडत आणि मनातल्या मनात वाचून मिटून ठेवत. कधी माझ्याजवळ येऊन म्हणत, "दांडी त्यानं दुसरीकडून बसवून घेतली असन काय गा?" मी म्हणे, जाऊन बघा ना. काका म्हणत, "मी काहून जाऊ? रामटेक काय खोटं आहे?"

दसरा झाल्यावर पारशिवनीकडची एक बाई दुकानात आली. शेजारच्या दवाखान्यात तिच्या नवऱ्याचं ऑपरेशन चाललं होतं, कागदांवर सह्या करायच्या होत्या आणि धावपळीत तिचा चष्मा फुटला होता. काकांनी सगळी कामं बाजूला ठेवून तिचा नंबर काढला, तयार चष्म्यांतला एक तिला बसवून पाहिला, आणि तिला अक्षर नीट दिसायला लागल्यावर, सवय ती सवय, तिच्या हातात एक काच ठेवून प्रश्न विचारला. समजा आपल्या देशाचा मोठा माणूस दुसऱ्या दोन देशांच्या भांडणात एकाले हत्यारं देऊन राहिला, तर त्याले मत द्याल का?

दुसऱ्या कोणी अशा वेळी काकांना चार शब्द सुनावले असते. तिने मात्र नीट विचार केला. दवाखान्याच्या पायरीवर सकाळपासून बसलेल्या माणसाला दुसऱ्या कशाचा तरी विचार करायला मिळाला म्हणून बरंच वाटलं असेल.

"पन डॉक्टरसाहेब," ती म्हणाली, "त्या दोघायशी बोलाले कोनी गेलं होतं का आंधी?"

"गेलं असन कोणीतरी."

"असन म्हनजे? माह्या घरचे आन त्यायचा भाऊ बांधावरून सात वर्सं बोलले नाहीत. म्या दोघायलेबी सांगून पाह्यलं, पन पयले कोन जाईन? आज तोच भाऊ वर रक्त द्याले बसला हाये. सात वर्सं उगीच गेली ना." तिने दोन्ही डब्यांकडे पाहिलं. "जो पयले बोलाले जाईन, त्याले माहं मत. त्याचा डबा कोनता?"

काकांनी दोन्ही डब्यांकडे पाहिलं. तसा डबा नव्हता. तिने काच मधेच काउंटरवर ठेवली आणि ती घाईने दवाखान्याकडे गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी दुकानाचं शटर ओढलं. दिवसाउजेडी ते शटर बंद झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांच्या हातात बारीक स्क्रू-ड्रायव्हर आणि स्क्रूची डबी होती. "चाल माह्यासोबत," ते मला म्हणाले. "आन हे ध्यानात ठेव, मी बोलाले जाऊन नाही राहिलो. दांडी बसवाले चाललो."

दार मास्तरांनीच उघडलं. क्षणभर ते आमच्याकडे नुसते बघत राहिले. काका म्हणाले, "दांडी बसवाले आलो." तेव्हा कुठे त्यांचा चेहरा बदलला.

"या," ते म्हणाले. आणि आम्ही धड बसायच्या आत त्यांनी विचारलं, "कोण पुढे आहे आता?"

"म्हणजे? तुमच्याकडं पेपर येत नाही का?"

"येतो की."

कोपऱ्यातल्या टेबलावर पेपरांचा गठ्ठा होता. एकाचीही घडी मोडलेली नव्हती. काकांनी गठ्ठा वरखाली करून पाहिला. मग वरचा पेपर उघडून त्यांनी मास्तरांच्या समोर धरला. "मास्तर, एवढा मथळा वाचा."

मास्तर म्हणाले, "अक्षर फार बारीक आहे."

मथळ्यातलं एकेक अक्षर अंगठ्याएवढं होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे काकाच त्यांना घेऊन गेले. डोळ्यामागचा पडदा खराब झाला होता. समोरचं पुसलेलं आणि कडेचं तेवढं थोडं दिसणारं, अशी नजर उरली होती. कुठल्याही चष्म्याने ती सुधारणार नव्हती, आणि जे गेलं ते परत येणार नव्हतं. मास्तरांना हे बरेच दिवस जाणवत होतं, त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. मास्तरांना घरी सोडून आल्यावर काका मला म्हणाले, "रोज चारला माह्यासमोर बसून राहिला हा माणूस. अन् मी गावभराचे डोळे तपासत होतो."

खुर्ची पुन्हा भरली. निवडणूक झाली, निकाल लागला, नवा नंबर निवडून आला. त्या दिवशी टीव्हीवर नुसते आकडेच होते. का निवडून आला ते दुसऱ्या दिवशीच्या पेपरात होतं. चारला चहा घेऊन मी काकांच्या मागे उभा होतो, त्यामुळे मला पान दिसत होतं. आडव्या ओळीत ठळक छापलं होतं, 'दूरच्या युद्धाने मतदार फिरवला'. सहा महिने काका जे ओरडून सांगत होते, ते जसंच्या तसं.

काकांनी घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "किराण्याच्या भावाने मतदार फिरवला." पुढे अंड्यांचा भाव, दुधाचा भाव, पेनसिल्व्हेनियातल्या एका गृहिणीचं गाऱ्हाणं, असं पाऊण रकाना त्यांनी कागदावरून नजर न काढता रचून वाचलं.

मास्तरांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "मी काय म्हणत होतो?"

"तुमचंच खरं निघालं, मास्तर."

"युद्धाचं काहीच नाही लिहिलं?"

"असन आतल्या पानावर कुठं. उद्या वाचू."

काकांनी पेपरची घडी घातली, मथळा आत जाईल अशी. मग ते उठले आणि त्यांनी आपली खुर्ची मास्तरांच्या समोरून उचलून जरा बाजूला, कडेला ठेवली, जिथून ते मास्तरांना दिसू शकतील.