केसखाऊ नव्हे, सुकलाल

बातमी आली ती माझ्याच शब्दांत आली. चलथाणहून कुणा ट्रकवाल्यानं पानाच्या गल्ल्यावर, म्हणजे टपरीवर, फोन करून निरोप ठेवला होता, आणि गल्लेवाला तो अर्ध्या पांडेसऱ्याला, आमच्या गिरण्यांच्या वस्तीला, ऐकू जाईल अशा आवाजात मला सांगत होता, ‘तुमचा तो केसखाऊ गेला. एकाची दाढी करता करता छातीत कळ आली, तिथंच बसला.’ केसखाऊ... हे नाव सुकलालच्या आईबापानं ठेवलेलं नव्हतं. ते मी ठेवलं होतं. माणूस गेला तरी नाव गेलं नाही, म्हणून या दीड महिन्यात मी ज्याच्या त्याच्यावर खेकसत फिरतो आहे. बायको म्हणते, घरात माणूस आहे की बॉयलर.

मी साड्यांच्या घड्या घालणारा माणूस, पण गावभर ओळख तोंडामुळे. सुकलाल माझ्याच बाजूचा, पारोळ्याकडचा. आमच्या चाळीच्या भिंतीला एक आरसा, एक खुर्ची, वर ताडपत्री, एवढंच त्याचं दुकान. हात इतका हलका की गिऱ्हाईक झोपून उठलं की केस तर कापलेले असतच, त्याचं स्वप्नही विंचरलेलं असे. आणि केसांबद्दल जे तो सांगे ते मी कुठल्या डॉक्टरकडून ऐकलं नाही. गिरणीच्या रंगखात्यातल्या माणसांच्या डोक्यावर लाल-निळे शिंतोडे उडत. सुकलाल दर महिन्याला बघे, तर डाग मुळापासून अर्धं पेर वर चढलेला. त्यावरून त्यानं आपलं आपणच ताडलं होतं की केस शेंड्याला वाढत नाही, खालून ढकलला जातो. कुणाच्या डोक्यावरचा डाग किती वर आला ते बघून तो सांगे, तुला रंगखातं सोडून तीन महिने झाले. मी त्यात माझी भर घालून सांगे, की सुकलाल केस बघून माणसाला बायकोशी कधी भांडण झालं तेही सांगतो. लोक हसत. सुकलालही हसे.

मग तीन वर्षांमागच्या श्रावणात आमच्या चाळीत टायफॉइड घुसला. घरटी एक तरी माणूस आडवा, मीही एकवीस दिवस अंथरुणात. औषधं झाली, ताप उतरला, लोक कामावर गेले, विसरले. आणि दिवाळीच्या तोंडावर सगळे एकदम केस कापायला बसले, तर सुकलालनं नुसता कंगवा फिरवला की मूठ मूठ केस गळून पांढऱ्या कापडावर. माझेही. मी रडकुंडीला आलो होतो. तेव्हा सुकलालनं एक गळलेला केस उचलून मला उजेडात दाखवला. टोकाला पांढरी गाठ, खसखशीपेक्षा बारीक. ‘घाबरू नको भो,’ तो म्हणाला, ‘हाऊ केस आज नई मरना, तापमा मरना. मूळ जितं शे. होळीलोंग येतीन.’ ताप आज, गळती तीन महिन्यांनी, आणि मूळ जिवंत म्हणून होळीपर्यंत नवे केस, असा त्याचा हिशेब होता.

आणि मी काय केलं? दुसऱ्या दिवशी सकाळी संडासच्या रांगेत सगळे आपापली टाळकी चाचपत उभे असताना मी म्हणालो, त्याच्या वस्तऱ्याला बघून केस जीव देतात, तो केसखाऊ आहे, रात्रीची भाजी केसांचीच करतो. रांग अशी हसली की दोघांचे डबे सांडले. मला कोण आनंद. स्वतःच्या डोक्यावर कोंबडीच्या पिल्लाएवढी पिसं उरलेली, आणि मी चाळीचा राजा.

सुकलाल मात्र गळणाऱ्या प्रत्येकाला खुर्चीत बसवून एकच विचारत होता, श्रावणात पाणी कुठलं प्यायलास? चाळीच्या टाकीचं पिणारे सगळे गळत होते. रस्त्यावरच्या हातपंपाचं पिणाऱ्यांच्या केसाला धक्का नव्हता. पावसात गटार टाकीत शिरलं होतं. घरमालकाला आम्ही काका म्हणत असू. सुकलाल त्याला चार माणसांत म्हणाला, टाकी उपसा, नाहीतर पुढच्या पावसात पुन्हा हेच. काकानं ग्लासभर पाणी मागवलं, ‘पाणी तो एकदम चोख्खु छे’ म्हणाला, आणि ग्लास न पिताच खाली ठेवला. मग माझ्याकडे बघून हसत विचारलं, अरे, तू काय नाव ठेवलं होतंस याचं?

सगळे माझ्याकडे बघत होते. तिथं मी एवढंच म्हणायला हवं होतं, की काका, ती थट्टा होती, हा माणूस खरं बोलतोय. पण माझी खोली काकाची, भाडं काकाच्या मर्जीचं. जी जीभ पार समुद्रकाठच्या हजीऱ्यापर्यंत ऐकू जाते ती टाळूला चिकटली. मी नाव सांगितलं. पुन्हा हसू. आठवडाभरात काकानं भिंतीवरून आरसा उतरवायला लावला. सुकलाल चलथाणला गेला आणि उसाच्या गाड्या उभ्या राहतात तिथं झाडाखाली खुर्ची मांडून बसला.

कळस पुढेच आहे. होळीला केस आले. सगळ्यांचे, त्यानं सांगितलं होतं तसे, आपले आपण. तोवर नाक्यावर पंख्याचं नवं सलून उघडलं होतं. त्या सलूनवाल्यानं कसलंसं हिरवं तेल चोळून श्रेय घेतलं, आणि ज्यांनी सुकलालला हुसकलं त्यांनी त्याला हार घातला. टाकी आजही तशीच आहे.

मी गुपचूप महिन्यातून एकदा चलथाणला जाऊन सुकलालकडूनच केस कापून घेत असे. चाळीत सांगे, सलूनात कापले. पहिल्या खेपेला मी सरळ खुर्चीत जाऊन बसलो. त्यानं टॉवेल गुंडाळला, आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘तठनामायक कापू ना?’ सलूनासारखे कापू ना... म्हणजे मी पकडला जाऊ नये म्हणून. आणि त्यानं त्या फालतू सलूनवाल्याची फालतू कटिंग माझ्या डोक्यावर हुबेहूब उतरवली. दर महिन्याला. अडीच वर्षं. एकदा तरी कानाखाली जाळ काढायचा होतास, सुकलाल! तुझ्या या भलेपणाचा मला काकापेक्षा जास्त संताप येतो.

तो गेल्यावर पहिल्या रविवारी मी भरल्या सलूनात उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. टाकी, ताप, गाठ, माझी थट्टा, चलथाण, सगळं. एकजण म्हणाला, काय फेकतो राव हा, आणि सलून हसून हसून लोळलं. आयुष्यात पहिल्यांदा मीठमसाला न लावता बोललो होतो. म्हणून हे लिहितो आहे. छापलेलं तरी खरं मानतात म्हणे.

केस कानांवर आलेत, कॉलरला टेकलेत. बायको म्हणते, ते काही आपले सोयरे नव्हते, सुतक कसलं पाळता, कापून या. मी तिच्यावरही खेकसतो. दीड महिन्यात मुळाशी जे आलंय ते माझं. वरची टोकं त्यानं कापलेली आहेत.