मुरीचं बारसं

सोनाळ्याच्या बाजारातला तो मासेवाला गिऱ्हाइकाला आधी मुरीच्या मिशा मोजायला लावायचा. मुरी म्हणजे नाल्याच्या तळाशी राहणारा बोटाएवढा मासा. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, तरी त्याच्या टोपलीतल्या सगळ्या मुऱ्या मला एकाच जातीच्या वाटल्या.

"सर, हे येगळी हाय," तो एक उचलून म्हणाला. तपासणीत त्याचंच खरं ठरलं. जात नवीन निघाली.

मी आनंदाने म्हणालो, "शास्त्रात हिला तुमचं नाव देतो."

तो घाबरलाच. "नका हो सर! बाया माहं नाव घेऊन म्हनतीन, पावभर द्या, साफ करून!"

"मग कोणाचं देऊ?"

"नाल्याचं द्या. त्याले कोनी तळत नाही."

लेख छापून आला. नाल्याच्या नावाला जोडलेलं लांबलचक लॅटिन शेपूट मी वाचून दाखवलं. तो हळहळला, "याच्यापेक्षा माहंच परवडलं असतं, सर."