सुभेदारांच्या लॅपटॉपचं नाक

माझ्या मेव्हण्यानं आणलेल्या लॅपटॉपचं नाक मी दाबलं होतं. ही गोष्ट मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेली नाही. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. लॅपटॉपचं उघडलं नाही, तो कायमचा मिटतो की काय अशी वेळ आली, आणि माझं उघडायला इतकी वर्षं लागली.

सांगलीच्या पेठेत माझं हळदीचं अडत दुकान आहे. आमच्या धंद्यात यंत्र नसतं, हात असतो. पोत्यातून एक हळकुंड काढायचं, दोन बोटांत धरून मोडायचं. टक्‌ असा आवाज आला तर माल वाळलेला. मग आतला गाभा बघायचा, नाकाला लावायचं आणि चार माणसांत एक शब्द बोलायचा. त्या एका शब्दावर माल उठतो किंवा पडून राहतो. माझा शब्द चालायचा. त्याचा मला माज होता, हे आता लिहायला हरकत नाही. बाकी या धंद्यानं मला काय दिलं म्हणाल, तर बारा महिने पिवळे हात. (माझ्या स्वतःच्या लग्नात हळद लावायला आलेल्या बायका म्हणाल्या होत्या, “हेंला आदीच कुणी लावली?”)

माझी मुलगी ऋतुजा. तिला कॉम्प्युटरवर खेळ खेळायचे नव्हते, बनवायचे होते. त्यासाठी पुण्यातल्या एका कॉलेजात प्रवेश हवा होता, आणि प्रवेशासाठी स्वतः बनवलेला एक छोटा खेळ पाठवायचा होता. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर तिनं त्या खेळातलं एक झाड काढलं, तर झाड दिसेपर्यंत चहा होऊन पिऊन व्हायचा. “आण्णा, गेमिंग लॅपटॉप लागेल,” ती म्हणाली. मी म्हणालो, “बघू.” बापाच्या तोंडचा ‘बघू’ म्हणजे काय हे ज्यांना मुलं आहेत त्यांना माहीत आहे आणि जी स्वतः मुलं आहेत त्यांनाही माहीत आहे.

मी बघत राहिलो. तेवढ्यात साताऱ्याहून सुभेदार आले.

सुभेदार म्हणजे माझ्या बायकोचे, सुमनचे थोरले भाऊ. फौजेत वायरलेसवर होते. रिटायर झाले तरी आवाज रिटायर झाला नाही. दारातूनच ओरडले, “भाची कुठं हाय आमची? घे! मामाचं प्रेझेंट! पुण्यात जाऊन, एकदम ठोक-बजाके आणलाय!”

खोक्यातून एक काळाकुट्ट, जाडजूड लॅपटॉप निघाला. त्याच्या कीबोर्डच्या किल्ल्यांखाली लाल-निळे दिवे पळत होते. चार्जर तर असा, की एखाद्याच्या डोक्यात घातला तर पोलीस केस व्हावी! ऋतुजा खाली बसूनच राहिली. मग मामाच्या गळ्यात पडली.

“ग्राफिक्स कार्ड अलग हाय ह्यात,” सुभेदार सांगू लागले. “रॅम सोळा. आनि वाढवायची झाली तर एक खाच रिकामी हाय. बिजागरी बघ, पन्नासदा उघड-झाक केली दुकानात. दुकानदार म्हणला, ‘साहेब, आता घेऊन तरी जा!’”

सगळे हसले. मीही हसलो. पण ती मामाच्या गळ्यात पडली तेव्हा माझा ‘बघू’ माझ्याच घशात अडकला होता. म्हणालो, “सुभेदार, वस्तू छानच दिसतीय. पण दुकानात चालून दाखवते ती वस्तू वेगळी आणि ओझ्याखाली चालते ती वेगळी. उद्या गादीवर आणा. चार माणसांत परीक्षा करू.”

गादी म्हणजे आमच्या दुकानातली बैठक. तिथं पास झालेला माल पेठेत पास. सुभेदारांनी छाती काढली. “जरूर! कायबी वज्जं टाका ह्याच्यावर. हाच ठरला पास, नायतर मिशी उतरवतो!”

“दादा, मिशीवर कशाला जाताय,” सुमन म्हणाली. “आनि आवं, तुमी तरी... त्येनी इतक्या मायेनं आणलाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे स्वयंपाकघरात पोहे खात होते आणि मी बाहेरच्या खोलीत लॅपटॉपची प्राथमिक तपासणी करत होतो. हातात तोलला. कोपरा दाबला, दोन-चार किल्ल्या दाबल्या. नाकाला लावला. (सवय!) वास बरा होता. मोडून बघायची सोय नव्हती. मग उलटा केला, आणि चमकलो.

तळाला भोकं! एक नाही, दोन नाही, जाळीच्या जाळी!

आमच्या धंद्यात भोकाचा अर्थ एकच. हळकुंडाला भोक म्हणजे आत कीड. गोदामाला भोक म्हणजे उंदीर. पोत्याला भोक म्हणजे नुकसान. आयुष्यभर मी भोकं शोधली आणि बुजवली. आणि ही वस्तू आता माझ्या दुकानात जाणार, जिथं हळदीची पूड चहाच्या कपात, कानात, देवाच्या फोटोच्या काचेआड जाते! मी कपाटातली काळी चिकटपट्टी काढली आणि एकूण एक जाळी व्यवस्थित बुजवली. काळ्यावर काळी, दिसणारही नाही. अंगठ्यानं दाबून दाबून बसवली.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की हे मी पोरीच्या वस्तूच्या काळजीनं केलं. ते खरं आहे. पण अर्धंच. उरलेल्या अर्ध्यात, हे सुभेदारांना कसं सुचलं नाही, हे नंतर सगळ्यांसमोर सांगायची हौस होती.

गादीवर गर्दी जमली. शेजारचे अडते बसाप्पा मांडी ठोकून सगळ्यात पुढं. त्यांचं मूळ गाव सीमेपलीकडचं, मराठी त्यांच्या पद्धतीची. “लाव की ग पोरी, बघू दे काय पळतंय ते!”

ऋतुजानं गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ लावला. गाडी अशी सुटली की बसाप्पांनी आपला चहाचा ग्लास आवळून धरला! रस्त्यावरचं पाणी खरं, उन्हाची तिरीप खरी. कोपऱ्यात एक आकडा दिसत होता.

“हा काय भाव म्हणायचा?” बसाप्पा म्हणाले.

“सेकंदाला किती चित्रं दाखवतोय ते, काका. नव्वदच्या वर म्हणजे भारी.”

“बोला दाजी!” सुभेदार मला म्हणाले. मिशीचं टोक वर गेलं होतं.

मग पंख्याचा आवाज सुरू झाला. आधी भुणभुण, मग घरघर, मग असा की रस्त्यावरून जाणारा एक जण डोकावून म्हणाला, “दळण घेताय व्हय?” गाडी अडखळायला लागली. नव्वदचा आकडा साठावर, साठाचा तिसावर. रेसची गाडी दोन ट्रॉल्या ऊस लावून चढाला लागल्यासारखी कण्हायला लागली!

“गरम झाला काय?” बसाप्पांनी किल्ल्यांवर तळहात ठेवला आणि झटक्यात काढला. “अय्यप्पा! पापड भाजतोय की ह्याच्यावर!”

“ताप किती दाखवतोय?” सुभेदारांचा आवाज जरा उतरला.

“पंच्याण्णव,” ऋतुजा म्हणाली. “मामा, असं व्हायला नको. ह्याची रचनाच तशी असते ना. पंखा खालच्या जाळीतून गार हवा ओढतो आणि मागून गरम सोडतो. कुठंतरी...”

खालच्या जाळीतून.

म्हणजे ती भोकं नव्हती, नाक होतं! म्हणालो, “जरा... जरा उचलून बघू का?”

“हात लावायचा न्हाई दाजी!” सुभेदार गरजले. “टेस्ट पूरा होऊ द्या! आपला जवान हाय तो, रस्त्यात बसणार न्हाई!”

“तसं नव्हे, जरा वारा...”

“न्हाई म्हणजे न्हाई! तुमीच म्हणला ओझ्याखाली बघू!”

मी उश्या सारख्या केल्या. उगाच खोकलो. गुडघ्यानं लॅपटॉप थोडा उचलला जातो का पाहिलं, तर चहा सांडला आणि सुभेदारांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला. गाडी एका वळणावर अर्धी वळली. तशीच थांबली. पडदा काळा झाला. लाल-निळे दिवेही गेले.

मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. पेठेची रीतच तशी. माल समोर आला की पारख्याचा शब्द.

एवढंच म्हणायचं होतं: थांबा, माझी चूक झाली. उलटा करा. इतकं सोपं होतं. पण उलटा केला की चिकटपट्टी दिसणार. ज्याच्या शब्दावर चाळीस पोती हळद उठते तो माणूस यंत्राचं नाक बुजवून परीक्षेला बसवतो, हे पेठेला दिसणार.

मी म्हणालो, “माल हलका आहे.”

टक्‌ असा आवाज आला. आतून. मलाच.

“अरारा!” बसाप्पा मांडीवर थाप मारून हसले. “सुभेदार, सरहद्दीवर नाही फसला, आन्‌ पुण्यात फसला की हो!” सगळी गादी हसली. सुभेदारांनी मिशीवर हात नेला आणि तसाच खाली आणला. त्यांनी लॅपटॉप मिटला, खोक्यात घातला. पोराला दवाखान्यात न्यावं तसं खोकं दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि निघाले. चहाही घेतला नाही. ऋतुजा त्यांच्या मागं रस्त्यापर्यंत गेली. मी तिचा चेहरा पाहिला नाही. पाहण्याचं धाडस झालं नाही, असं लिहितो.

त्या रात्री सुमननं वाढलं. ताट ठेवल्यावर एवढंच म्हणाली, “आमच्या दादाला आजवर कुणी खोटं पाडलं नव्हतं.”

अर्ज पाठवायची मुदत जवळ येत होती. ऋतुजा मिरजेच्या एका मैत्रिणीच्या घरी जाऊन तिच्या कॉम्प्युटरवर काम करायची, ती परत येईपर्यंत सुमन दारात. आठवडाभरानं सुभेदार पुन्हा आले. थेट दुकानात. गादी भरलेली. खोकं ठेवलं आणि मोठ्यानं म्हणाले, “दाजी, तुमचंच बरोबर होतं. पीस खराब होता. झगडून बदलून आणला. माझीच चूक, नीट बघून घ्याला पायजे होता.”

ऋतुजानं तो लावला. गाडी सुटली ती थांबलीच नाही. तास झाला तरी आकडा हलेना. बसाप्पांनी हात लावून बघितला. “कोमट! नुसता कोमट! पारखी म्हणजे पारखी, आण्णा! तू नसता तर पोरगी बुडाली होती की!” माझ्या पाठीवर थाप पडली. मी मान खाली घातली, तर किल्ल्यांमधल्या एका अक्षरावर पिवळा डाग दिसला. ओळखीचा. माझ्याच बोटाचा, त्या सकाळच्या प्राथमिक तपासणीचा.

लॅपटॉप बदललेला नव्हता. तोच होता.

सुभेदारांना सोडायला मोटारसायकलपर्यंत गेलो. त्यांनी किक मारायच्या आधी इकडंतिकडं बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले.

“दाजी, हळदीच्या हातानं चिकटपट्टी लावत जाऊ नका. अंगठा उठतो.”

मी म्हणालो, “सुभेदार, मग मघाशी तुम्ही सगळ्यांसमोर...”

“तुमचा धंदा शब्दावर हाय. मला लोकं हसली म्हणून माझी पेन्शन थांबती व्हय?” आणि किक मारून गेले.

ऋतुजाचा खेळ वेळेत गेला. प्रवेश मिळाला. आता ती पुण्यात नोकरीला आहे, आणि तो लॅपटॉप, तळाची सगळी भोकं उघडी ठेवून, अजून चालतो.

माझं म्हणाल, तर त्या दिवसापासून पेठेत मी लॅपटॉपचाही पारखी झालो! कुणाच्या पोराला लॅपटॉप घ्यायचा असला की आधी माझ्या गादीवर येतो. मी गंभीर चेहऱ्यानं तोलतो, बिजागरी हलवतो, मग उलटा करून म्हणतो, “ह्या जाळ्यांना हात लावायचा नाही.” लोक माना डोलवतात. मला तेवढंच येतं, आणि तेवढंही मी सुभेदारांच्या खर्चानं शिकलो.

सुभेदार अजून सांगलीला येतात. ते पेठेत शिरले की बसाप्पा लांबूनच हाक मारतात, “या पुण्यात फसलेले सुभेदार!” सुभेदार हसतात. मिशीवर हात नेत नाहीत. गेल्या दिवाळीत मी ठरवून उभा राहिलो. म्हणालो, “बसाप्पा, त्या लॅपटॉपचं खरं म्हणजे...” बसाप्पा म्हणाले, “तुझी पारख, आण्णा, खरं म्हणजे तुझीच!” आणि माझ्या तोंडात बर्फी घातली. सुभेदार माझ्याकडं बघत होते. मी बर्फी चावत राहिलो. चांगली होती.

हे सगळं लिहून काढलं, पण आमच्या पेठेत लिहिलेल्याला किंमत नाही, तिथं बोललेलाच शब्द धरतात. त्याच गादीवर, बसाप्पांच्या समोर, सुभेदारांच्या आणि सुमनच्या देखत मला एवढंच म्हणायचं आहे: माल अस्सल होता, हलका मी होतो.

तेवढं एक वाक्य मी सुभेदारांना देणं लागतो. अजून दिलेलं नाही.